गाढवाची पाठ आणि तेरावी प्रतिज्ञा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या काही आपल्या घरोघर पाठ आहेत. कोणते देव मानायचे नाहीत, श्राद्ध करायचे नाही, दारू प्यायची नाही, हे शाळकरी पोरही धडाधड सांगते. तेरावी प्रतिज्ञा मात्र आपण म्हणतो आणि पुढे सरकतो. सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचा सांभाळ करण्याची ती प्रतिज्ञा आहे. तिच्यावर विहारात प्रवचन झाल्याचे फारसे ऐकू येत नाही. कोणी विषय काढलाच तर आपल्या वऱ्हाडात एक ठरलेले उत्तर मिळते : "पयले मानसाचं पाहा ना बाप्पा, मंग गध्याचं!"

या उत्तराला हसून चालणार नाही. ते अनुभवातून आलेले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, कुत्री पीत होती, माणसाला तेवढी बंदी होती. ती बंदी मोडायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. मुंग्यांच्या वारुळावर साखर टाकणारे आणि गाईला पहिला घास काढणारे लोक या देशात पुष्कळ होते. तहानलेल्या महाराच्या ओंजळीत मात्र पाणी वरून ओतले जाई. मेलेले ढोर ओढायचे आपण, आणि त्याच ढोराच्या नावाने मार खायचा तोही आपणच. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात झोडपले गेले, ते साऱ्या देशाने पाहिले. तेव्हा प्राणिदया हा शब्द कानावर आला की आपला माणूस सावध होतो. त्याने सावध व्हावेच.

पण जी दया माणसाला वगळून प्राण्यावर केली गेली, तिच्यात खोट कोठे होती? प्राण्यावर केली गेली यात, की माणसाला वगळले गेले यात? या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत तर रागाच्या भरात आपण तेरावी प्रतिज्ञाच सोडून देऊ. म्हणून या लेखापुरती गाय बाजूला ठेवू आणि गाढवाकडे पाहू. गाढवाच्या मागे धर्म नाही, त्याच्या नावाने मोर्चे निघत नाहीत, आणि त्याला कोणी मातापिता म्हणत नाही. दयेची खरी परीक्षा येथेच होते.

गाढव इतके खाली कोणी ढकलले तेही पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे असे सांगितले आहे. तेथेच त्याची संपत्ती कोणती तेही ठरवून दिले आहे : कुत्री आणि गाढवे. जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला, त्याने माणसांची उतरंड लावता लावता जनावरांचीही लावली होती. घोडा आणि गाय वरच्यांना, गाढव आणि कुत्रे गावकुसाबाहेर. पुढे हीच रीत लोकाचारात मुरली. एखाद्याची अब्रू घ्यायची तर गाढवावरून धिंड काढायची. एखादे गाव बेचिराख केले हे जगाला दाखवायचे तर तेथे गाढवाचा नांगर फिरवायचा. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ नावाचे दगड महाराष्ट्रात आजही उभे आहेत. राजाची आज्ञा मोडणाऱ्याला शिवी म्हणून त्यांच्यावर गाढव कोरलेले आहे. (आणि ती शिवी आज्ञा मोडणाऱ्या पुरुषाला नसून त्याच्या आईला आहे, हेही ध्यानात घ्यावे.)

घोड्याची गोष्ट उलटी, पण मुळात तीच. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावात मार्च २०१८ मध्ये एकवीस वर्षांच्या एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगतो आणि घोड्यावर बसतो हे गावातल्या वरच्या जातीच्या लोकांना खपले नाही, अशी त्याच्या बापाची फिर्याद होती. राजस्थान, उत्तर प्रदेशात आजही दलित नवरदेवाची वरात घोड्यावरून काढायची तर पोलीस बंदोबस्त लागतो. म्हणजे गाढवावर बसविणे हा अपमान, आणि घोड्यावर बसणे हा गुन्हा! जनावरांना यातले काही ठाऊक नाही. त्यांच्या पाठीवर माणसाने आपली जात लादली आहे.

आता आपल्या शिवारात या. दिवाळी आटोपली की अकोला, अमरावतीच्या बाहेर वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत चालतो. थापलेल्या विटा वाळल्या की त्या भट्टीपर्यंत वाहून न्याव्या लागतात. जेथे ट्रॅक्टर पोचतो तेथे ट्रॅक्टर नेतो, जेथे पोचत नाही तेथे गाढव. पाठीवर गोणपाटाची घडी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी विटा, मागे काठी घेतलेला पोरगा. घडी झिजते, सरकते, दोर कातडीत रुततो, आणि त्याच जागी पुन्हा ओझे बसते. तेथे जखम होते आणि भरायला सवड मिळत नाही. चरायला सोडले तरी पळू नये म्हणून पायांना बांधलेला दोर मांसात उतरतो. खूर वेळेवर कापले नाहीत तर वाढून वाकडे होतात आणि चालणे दुखरे होते. कोठे कोठे श्वास मोकळा होतो या समजुतीने गाढवाची नाकपुडी चिरतात. त्याने श्वास मोकळा होत नाही, फक्त जखम वाढते. खिळा लागला, धनुर्वात झाला, की जनावर ताठ होऊन मरते. धनुर्वाताची लस थोडक्या खर्चाची असते, पण ती टोचायला भट्टीवर येतो कोण?

गाढवाचा एक स्वभाव त्याच्या मुळावर आला आहे. त्याला दुखले तर ते घोड्याप्रमाणे उसळत नाही. ते थांबते, मान खाली घालते, खाणे कमी करते. दुखणे लपविणे ही त्याची उपजत रीत आहे. आपण तिला मूर्खपणा म्हणतो, हट्ट म्हणतो, आणि काठी मारतो. जो ओरडत नाही त्याला दुखतच नाही, असे ठरविणे सोयीचे असते. हे तर्कशास्त्र आपल्या वाडवडिलांवरही वापरले गेले होते, एवढेच येथे सांगतो.

अशा जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्था जगात आहेत. इंग्लंडात एलिझाबेथ स्वेंडसेन या बाईंनी १९६९ साली गाढवांसाठी आश्रयस्थान सुरू केले. त्या संस्थेचे काम पुढे आपल्या देशातही आले. त्याआधी डोरोथी ब्रूक या बाई १९३० साली कैरोला गेल्या असता त्यांना रस्त्यावर हाडांचे सापळे झालेले घोडे दिसले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैन्याने वापरलेले आणि युद्ध संपल्यावर तेथेच विकून टाकलेले ते घोडे होते. बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसे जमविले आणि असे सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. १९३४ साली त्यांनी कैरोत घोड्यांचे इस्पितळ उघडले. ब्रूक यांच्या संस्थेचे काम आज भारतातल्या वीटभट्ट्यांवरही चालते. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ १८८३ पासून आहे. महाराष्ट्रात आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे सांगलीची 'ॲनिमल राहत' ही संस्था. २००३ साली ती सुरू झाली. साखर कारखान्यांचे बैल, वीटभट्टीची गाढवे, टांग्याची घोडी यांच्यावर ती फुकट उपचार करते, थकलेल्या जनावरांना आश्रय देते आणि भट्टीवरच्या गाढवांच्या जागी छोटे ट्रॅक्टर आणण्यास मालकांना मदत करते.

या शेवटच्या कामावर थोडे थांबू, कारण खरा नैतिक प्रश्न येथे उभा राहतो.

गाढवाच्या मागे चालणारा माणूस कोण आहे? तो कुंभार आहे, वडार आहे, बेलदार आहे, कैकाडी आहे. त्याचे बिऱ्हाड भट्टीवरच्या झोपडीत असते. त्याने हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोही बांधलेलाच असतो. गाढवाला किती फेऱ्या माराव्या लागतात हे त्याच्या मर्जीवर नाही, हजार विटांमागे मिळणाऱ्या दरावर आहे. अशा माणसाकडून 'क्रूर, क्रूर' म्हणत गाढव हिसकावून नेले तर दयेचे पुण्य नेणाऱ्याला आणि उपासमार त्या घराला. ही दया पुन्हा जुन्याच जातीची झाली. उलट, बिचारा गरीब आहे म्हणून त्याने गाढवाची पाठ सोलावी असे म्हणणेही धम्मात बसत नाही. भुकेल्याला आपल्याहून दुबळ्याला तुडविण्याचा परवाना मिळाला, तर मग सर्वांत दुबळ्याचे काय?

सीहचम्म जातकात एका फिरस्त्या व्यापाऱ्याची कथा आहे. तो जेथे मुक्कामाला उतरे तेथे आपल्या गाढवाला सिंहाचे कातडे पांघरून दुसऱ्याच्या शेतात सोडून देई. राखणदार भिऊन जवळ येत नसत. एके दिवशी गाव गोळा झाला, शंख-ढोल वाजले, घाबरलेले गाढव ओरडले आणि उघडे पडले. लोकांनी त्याची हाडे मोडेपर्यंत त्याला मारले. ते मेले आणि व्यापारी आपल्या वाटेने निघून गेला. शाळेत ही गोष्ट गाढवाच्या फजितीची म्हणून शिकवितात. पण कातडे पांघरले कोणी? चाऱ्याचे पैसे वाचले कोणाचे? मार खाल्ला कोणी? आजही नदीपात्रातून चोरटी वाळू निघते आणि सरकारी पथक गाढवे पकडते, अशा बातम्या आपण वाचतो. ती वाळू ज्याच्या इमारतीत जाते त्याचे नाव त्या बातमीत नसते. वीटही तशीच. गाढवाची पाठ सोलून आलेली वीट आपल्या घराच्या भिंतीत असते, कदाचित विहाराच्या भिंतीतही. म्हणून 'गाढववाला क्रूर' एवढ्यावर हा हिशेब मिटत नाही. वीट स्वस्त हवी असणारे आपण सगळे त्या काठीला हात लावून असतो.

गाढव सोडवायचे आणि माणूसही बुडू द्यायचा नाही, हे जमते का? जमते, असे दाखविणारा एक निकाल आपल्याच अमरावतीच्या सुपुत्राच्या हातून झाला आहे. तो गाढवांविषयी नाही, माणसांविषयी आहे. माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून तेथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरविली आणि सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पण न्यायालय तेथे थांबले नाही. ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा देण्याची योजना सरकारने करावी आणि पैशाची सबब सांगू नये, असेही बजावले. त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हाही गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना आखायला सांगितले होते. सांगलीत गाढवाच्या जागी ट्रॅक्टर येतो तेव्हा हेच तत्त्व चालते : ओझे उतरवायचे, पण ज्याची भाकरी त्या ओझ्यावर आहे त्याच्या ताटातली न काढता.

काशीची कावड रामेश्वराला नेत असता एकनाथांनी ती तहानेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. कथा चांगली आहे. पाणी पाजणारा न पाजणाऱ्यापेक्षा केव्हाही मोठा. पण त्या गाढवाला वाळवंटात तसे कोणी सोडले, त्याचा मालक कोण, उद्या त्याला पाणी कोण देणार, हे प्रश्न कथेत येत नाहीत. संतांनी चातुर्वर्ण्यावर घाव घातला नाही ही बाबासाहेबांची तक्रार होती. एका जिवाची तहान भागविणे आणि तहानेची व्यवस्था मोडणे यांतले अंतर त्यांना ठाऊक होते.

मग व्यवस्थेचे माप कोणते? ते भगवंतांनी सिगाल गृहपतीच्या मुलाला सांगून ठेवले आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाने चाकराशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी आहेत : त्याच्या बळाप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे, आणि वेळ झाली की सुट्टी द्यावी. सुत्त चाकराविषयी आहे, जनावराविषयी नाही, हे मी जाणतो. पण जो राबतो आणि बोलू शकत नाही, त्याला हे माप लावायला काय हरकत आहे? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसापुरती, मैत्री सर्व जिवांपर्यंत. भगवंत करुणेवर थांबले नाहीत, असे ते सांगतात.

आश्चर्य असे की आपल्या देशाचा कायदाही याच मापाजवळ येतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९६५ चे नियम पाहा. गाढवावर ५० किलोपेक्षा जास्त ओझे घालू नये, तट्टावर ७०, खेचरावर २००. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपू नये. कच्ची वीट तीन किलोची धरली तर ५० किलोत सोळाच विटा बसतात. भट्टीवर जाऊन कोणीही मोजावे. आणि ३७ अंश? मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावून कामगारांसाठी पाणी-पंख्याची सोय करण्याचा आदेश काढावा लागला. त्या दुपारी गाढवांना नियम लागू नव्हता असे नाही. नियम होता, विचारणारा नव्हता. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. एवढ्या दंडाला कोण भिणार? म्हणून येथे फौजदारापेक्षा शेजारी अधिक उपयोगी पडतो.

आपल्याकडे ही परंपरा परकी नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी, दोघांसाठीही, औषधोपचाराची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. रस्त्याकडेच्या विहिरी आणि झाडेही दोघांसाठीच. चवदार तळ्याची तुलना येथे करून पाहावी : अशोकाच्या विहिरीवर माणूस आणि पशू एका वाक्यात येतात. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे सापडलेल्या आणि अशोककाळाशी जोडल्या जाणाऱ्या शिलालेखातही प्राणी पकडण्या-मारण्याविरुद्ध आज्ञा आहे. आणि गाडगेबाबा तर आपल्या घरचेच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली परिटाच्या घरी जन्म, बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे. देवापुढे बकरे कापणाऱ्यांना त्यांनी जन्मभर खडसावले. त्याच माणसाने पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. बकऱ्याची दया आणि महाराच्या पोराचे शिक्षण या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच झोळीत मावल्या.

एक अवघड गोष्ट राहिली. डोरोथी ब्रूक यांनी विकत घेतलेल्या घोड्यांपैकी बहुतेकांना शांतपणे मरण द्यावे लागले, इतके ते जर्जर होते. हे पाणातिपातात बसते काय? आपल्या घरांत यावर वाद होईल आणि व्हावा. बाबासाहेबांनी अहिंसा हा नियम नव्हे, तत्त्व आहे असे मांडले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. पाय मोडलेले, किडे पडलेले गाढव 'मी मारले नाही' म्हणून उकिरड्यावर तीन दिवस मरू देणारा मनुष्य नियम पाळतो. मला त्यात मैत्री दिसत नाही. ज्याला वेगळे दिसत असेल त्याने आधी ते तीन दिवस त्या उकिरड्यावर बसून पाहावेत.

आता गाढवेच कमी होत चालली आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाख २० हजार होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजार उरली. त्यांची जागा यंत्राने घेतली, यात वाईट काही नाही. पण काम संपलेले गाढव कोठे जाते? मालक त्याला सोडून देतो आणि ते शहराच्या कचऱ्यात प्लॅस्टिक खात फिरते. चिनी औषधासाठी गाढवाच्या कातड्याला मागणी आहे. ती इतकी वाढली की फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या राष्ट्रांच्या संघाने कातड्यासाठी गाढवे मारण्यावर बंदी ठरविली. सुटलेले गाढव आणि टाकून दिलेले गाढव रस्त्यावर सारखेच दिसते. नीट सांभाळले तर गाढव पंचवीस-तीस वर्षे जगते. त्याच्या म्हातारपणाचा कडबा कोणी द्यायचा, याला सांगलीत एका संस्थेने उत्तर शोधले आहे. आपल्याकडे ते अजून शोधायचे आहे.

तोवर जे हाताशी आहे ते पाहू. अकोल्याला पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत. पौर्णिमेला विहारात जमणाऱ्या मंडळींपैकी चारजण एका रविवारी जवळच्या भट्टीवर पशुवैद्याला घेऊन गेले, तर वीस-तीस गाढवांना लस टोचून होते. घरातली फाटकी गोधडी गोणपाटाखाली दुमडून घातली तर पाठ वाचते. ती कशी घालायची हे गाढववाल्यालाच विचारावे, त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. दुपारच्या तीन तासांचा नियम त्याला सांगू नये, भट्टीमालकाला सांगावा आणि त्या तीन तासांची मजुरी कापू नये हेही त्याच वेळी सांगावे. भट्टीवरची मुले शाळेत जात नाहीत, त्यांची नावे टिपून आणावीत. काठी घेऊन गाढवामागे चालणारा पोरगा त्यांतलाच एक असतो.